खंडेनवमीचा सुरा

दादा एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढंच आम्हा घरच्यांना माहीत. पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही. लहानपणापासून मी खोदून खोदून विचारायचो आणि ते "जेवलास का?" म्हणून विषय बदलायचे. आता त्यांना सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. बाप सगळं मनातच घेऊन जाणार, या विचारानं यंदा मला चैन पडेना.

त्यांचा फौजेतला एकच फोटो आहे. त्यात कमरेला अरुंद पात्याचा सुरा. मोबाईलवर एकदा तसाच दिसला: जुन्या लढाईतल्या सुऱ्याची हुबेहूब नक्कल, बिनधारेची, शोभेची. मी मागचापुढचा विचार न करता मागवून टाकला. सुरा हातात आला की दादांचं तोंड उघडेल, असं माझं आपलं गणित.

आमच्या टेंभुर्णीला कुरिअरवाला येईना. खंडेनवमी तोंडावर आली आणि पार्सल जाफराबादला अडकलेलं. मी सारखा फोन लावायचो, आत-बाहेर करायचो. बायको वैतागली.

"पोलिसानं धरलं म्हंजे मंग कळंल. बिलकुल ऐकत न्हाईत तुम्ही कोणाचं."

शेवटी मीच भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून जाफराबादला गेलो आणि पार्सल मांडीवर घेऊन आलो. शेजारच्यानं काय आहे म्हणून साधं विचारलं, तर त्याच्यावर उगाच खेकसलो.

नवमीला आमच्याकडे हत्यारांना सुट्टी. विळे, खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, सगळं धुऊन पाटावर मांडायचं आणि घरातल्या मोठ्या माणसानं एकेकाला हळद-कुंकू लावायचं. मी सुरा हळूच कुऱ्हाडीशेजारी ठेवला आणि तिथंच घुटमळत राहिलो.

दादा कुंकू लावत लावत सुऱ्यापाशी आले आणि त्यांचं बोट वरच राहिलं.

"हे कुठनं आणलं?"

"नक्कल हाय दादा. तुमच्यापाशी व्हता ना, तसा."

त्यांनी तो उचलला. एरवी चहाचा कप धरताना कापणाऱ्या हातानं मूठ बराबर धरली. मला वाटलं होतं, हे बघून आपली छाती फुगेल. मी मात्र पाटापासून मागं सरकलो.

"पाणी मागू राह्यल्ता तो," दादा म्हणाले. "पलीकडचा व्हता. पण आपल्या जाफराबादच्या बाजारात उर्दू बोलतेत ना, तसंच बोलू राह्यल्ता. मला सगळं समजत व्हतं."

एवढं बोलून त्यांनी सुरा पाटाच्या बाहेर, फरशीवर ठेवला आणि पुढच्या विळ्याला हळद लावायला घेतली. हळद पाटावर सांडत होती. जन्मभर मी त्यांना लढाईबद्दल विचारत आलो. तुम्ही त्याला पाणी दिलं का, हे मात्र मला विचारवलं नाही.