हळूबाई आणि पहिला घोट

सगळा मोहल्ला तिला हळूबाई म्हणायचा, कारण ती जगाला "हळू, हळू" सांगायची आणि स्वतः मात्र वाऱ्यासारखी धावायची. सुईणपणाला एकतीस वर्षं झाली होती. आधी सासूच्या मागे पाण्याची भांडी उचलत शिकली, मग सासूचे गुडघे गेल्यावर एकटी. घरात शिरली की पदर कमरेला खोचायचा, कोपरापर्यंत साबण लावायचा, आणि मग तळहात एकमेकांवर चोळून चोळून ऊन करायचे. "गार हात लावला तर बाळाला वाटेल, कुठल्या घरात येऊन पडलो!" देवाने तिला रूप बेतानेच दिलं होतं, पण हात देताना त्याने काही राखून ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी ती घड्याळजीच्या घरी होती. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि भिंतभर दुरुस्तीला आलेली लंबकाची घड्याळं. तीन आठवडे आधीच घाई करून पहाटे त्याच्या बायकोला मुलगी झाली. रडली खणखणीत, रंगही गुलाबी, पण अंगाने एवढीशी आणि झोपाळू अशी, की दूध ओढायचं नावच घेईना. चीक, म्हणजे आईचं ते पहिलं पिवळसर दूध, हळूबाईने चमच्यात काढून थेंब थेंब पाजलं. पण चमच्यावर किती भागणार?

"चार वाजेपर्यंत हिने स्वतः ओढलं तर ठीक. नाहीतर सरळ दवाखाना. गाडी सांगून ठेवा."

घड्याळजीने गाडी सांगितली आणि कोपऱ्यात खांबासारखा उभा राहिला. तेवढ्यात त्याची आई साखरेच्या पाण्याची वाटी घेऊन तिसऱ्यांदा आली.

"बोटभर चाटवते गं. आमच्या ह्यालाही चाटवलं होतं."

"म्हणूनच हा असा! चौतीस वर्षांचा झाला, अजून हसला नाही. ठेवा ती वाटी खाली, आजीबाई. आणि आंघोळीचं मनात आणू नका, आज नाही."

तीन वाजता तिने बाळंतिणीला हात-तोंड धुऊन चार घास खायला आत पाठवलं. मग बाळाच्या तळपायाला स्वतःचा गाल लावला. थर्मामीटर पिशवीत होता, पण गालावर तिचा विश्वास जुना.

"पाय गारठलेत. कुणाच्या तरी अंगाची ऊब हवी." तिने खोलीभर नजर फिरवली. "शर्ट काढा."

"कोण, मी?"

"नाही, भिंतीवरचं घड्याळ!"

उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून घडी केलेली चादर, डोक्याला टोपरं. दोन मिनिटांत घड्याळजी लालबुंद झाला.

"मावशी, गुदगुल्या होतात."

"होऊ देत. हळू श्वास घ्या, पोर बोटीत बसल्यासारखी हलतेय."

घड्याळजीने ओठ घट्ट मिटले आणि छताकडे बघत राहिला. साडेतीन झाले. चादरीखाली काहीतरी हललं. मुलीने मान वळवली, आ वासला, इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, आणि...

"आई गं! मावशी, धावा! ही मला पितेय!"

"ओढतेय? नीट सांगा, जोरात?"

"चिमटा बसलाय हो, चिमटा!"

"पावलास रे देवा!" हळूबाईने अशी उडी मारली की साखरेच्या पाण्याची वाटी पार पलंगाखाली गेली. "पोरीचा पत्ता चुकलाय, पण इरादा पक्का आहे! अगं ए, तोंडातला घास गिळ आणि ये लवकर!"

बाळंतीण आली, टेकली. हळूबाईने मुलगी तिच्या मांडीवर दिली. "मान नको धरूस, पाठीला आधार दे. तोंड मोठ्ठं उघडू दे... आता! आण जवळ."

मुलगी चिकटली. जबडा हलू लागला. सगळ्यांचा जीव तिच्या हनुवटीत.

"नुसतं तोंड हलवून भागत नाही," हळूबाई कुजबुजली. "घोट ऐकू यायला हवा. आणि तुमची ही टिकटिक!"

घड्याळजी तसाच उघडा उठला. एकेका लंबकाला बोट लावत भिंतभर फिरला. एक थांबलं, दुसरं थांबलं, चौदावंही थांबलं. त्या खोलीत अशी शांतता कधी झालीच नव्हती.

गट्.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

गट्.

आजीबाईंनी हात जोडले. आणि घड्याळजी हसला. चौतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं, गडगडाट करत, मग खोकत, मग डोळे पुसत. त्याच्यामागे त्याची आई, तिच्यामागे हळूबाई. बाळंतीण विनवत होती, "नका ना हसवू, पोटात कळ येते!" आणि तीच सगळ्यांत जास्त हसत होती. मुलीला कशाचं काही नव्हतं. ती आपल्या कामात.

खाली हॉर्न वाजला. गाडीवाला ओरडला, "चार वाजले की नाही?"

घड्याळजीने उघड्या अंगानेच खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागे चौदाच्या चौदा घड्याळं गप्प.

"काही कल्पना नाही!" तो आनंदाने ओरडला.

हळूबाईने त्याला बाजूला सारलं. "आज नको, उद्या सकाळी या! हिला वजनाला न्यायचंय. आणि गाडी हळू आणा!"

एवढं सांगून मागे फिरली. दूध पिऊन मुलगी झोपली तेव्हा पुन्हा तळपायाला गाल लावला. ऊन होते. मग कुठे पिशवी उचलली आणि दोन दोन पायऱ्या गाळत जिना उतरली.