पाकीट उडालं, अर्ज राहिला

अमरावतीत राजापेठेजवळ, चष्म्याच्या दुकानाच्या वर आमची कंपनी होती. दोन खोल्या, सहा माणसं. वेबसाइटची दर्शनी बाजू माझ्याकडे असायची. रंग, बटणं आणि बटण दाबल्यावर स्क्रीनवर जे काही हलतं, फिरतं, चमकतं ते सगळं मी करायची. त्यात माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणत, आणि मलाही ते खरं वाटे.

अकोल्याच्या एका नर्सिंग संस्थेचं काम आलं. प्रवेशअर्ज ऑनलाइन भरून घ्यायचे होते. मी साधं चक्र लावलं होतं. अर्ज पाठवला की ते फिरायचं, तिकडच्या सर्व्हरवर अर्ज पोचला की थांबायचं. पण त्यांचा सर्व्हर संथ होता, त्यामुळे चक्र बराच वेळ फिरत राही. संस्थेच्या संचालकांना आम्ही ते दाखवायला गेलो तेव्हा ते वैतागले. म्हणाले, "हे काय गरगर फिरून राह्यलं? बटन दाबलं की काम झालं असं दिसलं पाहिजे."

परतताना गाडीतच आमच्या साहेबांनी तोडगा काढला. "तू आधी झालं असं दाखवून दे. अर्ज जाईल मागून."

मी एवढंच विचारलं, "आणि नाही गेला तर?"

"तसा एखादाच असतो."

मी वाद घातला नाही. उलट हौसेनं कामाला लागले. बटण दाबलं की फॉर्मची घडी होऊन पाकीट बने, ते पाकीट उडून जाई, हिरवी खूण उमटे आणि वरून झेंडूच्या पाकळ्या पडत. मध्यभागी ठळक अक्षरं येत, 'अभिनंदन! तुमचा अर्ज जमा झाला.' हे सगळं अर्ज पोचण्याची वाट न पाहता. पोचला नाहीच, तर खाली तीन सेकंद एक राखाडी पट्टी येई: 'काहीतरी चुकले.' काय चुकलं आणि पुढे काय करायचं, हे लिहायचे कष्ट मी घेतले नाहीत. संचालकांना पाकळ्या फार आवडल्या. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यांना समोसे आले.

चांदूर बाजारला माझे मामा भाजीपाला पिकवतात. त्यांच्या मुलीला नर्स व्हायचं होतं. बारावीला चांगले मार्क होते, आणि या संस्थेचा फॉर्म ताईनं बनवला म्हणून घरात त्याचं अप्रूप होतं. तिनं मोबाइलवर अर्ज भरला आणि लगेच मला फोन केला. "ताई, मस्त केलं व तू! फुलं पडली."

आठवड्यानं पुन्हा फोन. "ताई, अर्जाचा नंबर नाही आला मेलवर. सगळ्याइले येते म्हणे."

मी तेव्हा दुसऱ्या कामात होते. "हिरवी खूण आली होती ना? मग झालं. येईल नंबर."

ज्या खुणेला काही अर्थ नाही हे मला सगळ्यांत जास्त माहीत होतं, तिचाच हवाला मी तिला दिला. मी खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलंही नाही. आपणच रंगवलेल्या गोष्टीवर माझाच विश्वास बसला होता.

यादी लागली. तिचं नाव कुठेच नव्हतं, नाकारलेल्यांतसुद्धा नाही. मामांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं अकोल्याला गेलो. खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये दोनदा नाव शोधलं. "या नावाचा अर्जच नाही आमच्याकडं."

मामांनी मुलीचा मोबाइल पुढे केला. तिनं त्या दिवशीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. "हे पाहा ना मॅडम. अभिनंदन लिवलं हाये."

"हे चित्र झालं, दादा. नंबर दाखवा."

मी मोबाइल हातात घेतला आणि चित्र मोठं करून पाहिलं. तळाशी, दोन झेंडूच्या पाकळ्यांच्या आड, राखाडी अक्षरं दिसत होती, '…तरी चुकले.' मुलीनं फुलं पाहिली होती. तिथं कोणीही फुलंच पाहिली असती. मी ती त्यासाठीच टाकली होती.

त्या खिडकीपाशी मी तोंड उघडायला हवं होतं. चूक आमच्या फॉर्मची आहे, असं बाईंना सांगायला हवं होतं. मामा हात जोडत होते आणि मी शेजारी उभी राहून पाहत होते.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरला मामा चहाला उतरले, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"तुले माहीत होतं, असं होऊ शकते म्हणून?"

"हो."

"मंग फुलं काहून टाकली?"

तेवढ्यात मामा तिघांचा चहा घेऊन वर आले, आणि तिनं त्यांना यातलं काही सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पाकीट काढून टाकलं. बटणाखाली वाक्य लिहिलं, 'अर्ज पाठवत आहोत. अजून पोहोचलेला नाही. पान बंद करू नका.' पोचला की फक्त क्रमांक, मोठ्या अक्षरांत. नाही पोचला तर का नाही, पुन्हा काय दाबायचं आणि कुठे फोन करायचा, हे तो माणूस स्वतः बंद करेपर्यंत स्क्रीनवर राहील. साहेब म्हणाले, "लोकाईले घाबरवून राह्यली तू." संचालक म्हणाले, फारच रुक्ष दिसतं. मामेबहिणीच्या अर्जासारखे आणखी काही अर्ज राहिल्याचं निघालं, तेव्हा संस्थेनं आणि साहेबांनी मिळून ते 'उमेदवारांच्या इंटरनेटची अडचण' म्हणून मिटवलं. तो खुलासा वेबसाइटवर टाकायचं काम माझ्याकडेच आलं. मी तो टाकला. नोकरी सोडली ती त्यानंतर वर्षभरानं, तीही दुसरी मिळाल्यावर.

पुढच्या वर्षी मी मामेबहिणीला म्हटलं, पुन्हा भर, मी शेजारी बसते. ती म्हणाली, "राहू दे ताई. बाबा आता स्थळ पाहून राह्यले."

साखरपुडा भातकुलीला झाला. मी गेले होते. मुलाकडच्या बायकांनी तिला विचारलं, पुढं शिकायचं नव्हतं का? ती म्हणाली, "फॉर्म भरायचा राहून गेला."