बूट बाहेर

गॅल्व्हेस्टन बेटावर आमच्या शेजारी एक रिटायर्ड डॉक्टर काका राहायचे. शंभर वर्षांचं जुनं लाकडी घर. त्याची जमीन ते रोज स्वतः पुसायचे आणि येईल त्याला दारातच सांगायचे, "बूट बाहेर."

मोठं वादळ येणार म्हणून बेट रिकामं करायचं होतं. मी खिडक्यांवर प्लायवुड ठोकत होतो. काका मात्र हॉलच्या जमिनीला ड्रिलने भोकं पाडत होते.

"काका, हे काय?"

"पाणी आत येऊ द्यायचं. ब्लॉक केलं तर ते घरच उचलून नेतं. इथले जुने लोक असंच करायचे."

वादळ ओसरल्यावर सगळे परत आलो, तर आमचं घर पायावरून सरकलेलं. काकांचं जागच्या जागी, आत घोटाभर चिखल. त्यांनी दारात चपला काढल्या आणि माझ्या बुटांकडे बघत थांबले.