कानाच्या मापाने शिंगं

बाबांना मोतीबिंदू झालाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बाबा सोडून. सिंगापुरात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटवर आल्यापासून त्यांनी चहात मीठ घातलं होतं आणि लिफ्टमधल्या भलत्याच बाईला माझ्या नावाने हाक मारली होती. तरी डॉक्टरांचा विषय काढला की म्हणायचे, "शिकाऱ्याची नजर आहे ही. काय समजलीस?" माझा जीव टांगणीला, कारण कोल्हापूरला परत गेले की हे गृहस्थ पुन्हा स्कूटर बाहेर काढणार.

शिकारीवर बंदी येण्याआधी, तरुणपणी, ते आमच्या आजोबांबरोबर रानात जायचे. बंदूक आजोबांची, अंदाज बाबांचा. सांबराचा कान साधारण साडेसात इंच. शिंग कानाच्या चौपट दिसलं तरच बाबा मान हलवायचे, नाहीतर जनावराला जाऊ द्यायचं. हे सगळं झटक्यात, कारण सांबर काही फोटो काढून घ्यायला थांबत नाही. नंतर आजोबा फीत लावायचे आणि बोटभराचाही फरक निघायचा नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय की फीत मीच धरली होती असं वाटायला लागलंय.

एका रविवारी संध्याकाळी आम्ही मंडाईला जंगलाच्या कडेने फिरत होतो. झाडीच्या तोंडाशी सांबर उभं. खरंखुरं, रानातलं, इथे आहेत थोडी. बाबांनी माझा दंड धरून मला थांबवलं आणि कुजबुजले, "नर आहे. साडेचार कान. चौतीस इंच, कमी नाही."

ती मादी होती. मादीला शिंगं नसतात. तिच्या डोक्यामागे वाळकी फांदी होती.

म्हटलं, आता बरे सापडले. पण शेजारी माझा नवरा. बँकेत दुसऱ्यांचे आकडे खोडून काढण्याचाच पगार घेतो, सासऱ्यांपुढे मात्र आजवर 'नाही' म्हणालेला नाही.

"छत्तीससुद्धा असतील, बाबा," तो म्हणाला. असा संताप झाला माझा.

बाबा फुलले. "बघ, जावयांना दिसतंय की."

मग मादी निघाली. पाला चघळत, सावकाश, रस्ता ओलांडून पलीकडे गेली. शिंगं होती तिथेच राहिली.

बाबा शिंगांकडे बघत होते, मी नवऱ्याकडे आणि नवरा स्वतःच्या बुटांकडे. बाबांनी माझा दंड अजून सोडला नव्हता, उलट आणखी घट्ट धरला. मला एकदम भरून आलं. हट्ट कसला, माणूस घाबरला होता.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. आमचा स्टॉप आला तसे उठता उठता म्हणाले, "जावयांचे डोळे फारच बिघडलेत गं. उद्याच डॉक्टरांची वेळ घे. एकटे जायला बिचकतील, मी जातो सोबत. आणि गेलोच आहे तर माझेही बघू देत."