तात्यांनी केलेली तारीफ

आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, शेळगावच्या अंगाचं. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत वडील सरपंच होते, आणि पुढेही तेच राहणार याची सगळ्यांत जास्त खात्री त्यांनाच होती. मतदानात भाऊबंदकी नको, म्हणून चावडीवर बसून एकच नाव ठरवायची गावाची रीत. त्या खेपेला पहिल्या बैठकीत गावातले सर्वांत वडीलधारे तात्या बोलले. नाव दुसऱ्या दिवशी ठरायचं होतं.

वडील घरी आले ते मिशीतल्या मिशीत हसत. तात्यांचं बोलणं त्यांनी आईला जसंच्या तसं ऐकवलं. पाटाच्या पाण्याची भांडणं यांनीच मिटवली, आजाऱ्याला गाडी जुंपून बारामतीला यांनीच नेलं, यांच्याबिगर गावाचं पान हलत न्हाय. आणि शेवटी, "खोंड शिकावं म्हणून त्याला बैलाशेजारी जुंपत्यात. पर समदं वझं बैलच वढाय लागला, तर खोंडाचं खांदं कवा तयार व्हायचं?"

"मग नाव कुणाचं म्हणाले?" आईनं विचारलं.

"एवढी तारीफ केली, आणखी कुणाचं असंल?"

आई भाकरी थापत होती. "तारीफ खरी हाय. पर ती कारण म्हणून सांगितली. समदं तुमीच करता, म्हणून दुसरं कुणी शिकलं न्हाय. तवा आता तुमी सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं हाय."

"तुला काय कळतंय राजकारणातलं?"

"उद्या चावडीत कळण्यापरीस आज घरात कळल्यालं बरं."

वडील अर्ध्या भाकरीवर उठले. मला आईचा राग आला. खरं असलं म्हणून काय झालं, जेवण होऊ द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनीच एका तरण्या शेतकऱ्याचं नाव सुचवलं. तात्यांनी भर चावडीत त्यांच्या पाठीवर हात ठेवला, असं लोकांनी येऊन सांगितलं.

पुढं काही दिवसांनी गावातले दोघं भाऊ पाण्याच्या पाळीवरून तंडत आमच्या दारात आले.

"सरपंचाकडं जावा," वडील म्हणाले.

"त्यांनीच धाडलंय तुमच्याकडं."

वडिलांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. टोपी घालून ते उंबऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथं थांबले.

"त्याला म्हणावं, चुकलं तरी चालंल, पर तूच मिटव."

भाऊ गेले. वडील टोपी तशीच डोक्यावर ठेवून ओसरीवर बसून राहिले, आणि आई हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसली.