विश्वास कमी पडला म्हणे

धानाचे भारे शेतातल्या बांधीतून खळ्यावर येत होते, त्या दिवसांत माझ्या बायकोला लकवा मारला. सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा उजवा हात गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. समोरच्या घरच्यांनी गाडी काढली, सुनेने तिला मांडीवर घेतलं आणि आम्ही भंडाऱ्याचा दवाखाना गाठला. जीव वाचला. पण घरी परत आली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता. ‘काहून’, म्हणजे ‘का’.

पाणी हवं असलं की काहून. शेळी अंगणात शिरली की काहून. मी समोर बसून रडलो तेव्हा माझ्या गुडघ्यावर डावा हात ठेवून तेच म्हणाली, अगदी हळू, काहून. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की अशा आजारात काही जणांच्या तोंडी एखादाच शब्द राहतो. त्यांना म्हणायचं असतं वेगळं, निघतो तोच. पण ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं.

हे शेवटचं वाक्य लोक विसरले. माझा सगळा राग तिथून सुरू होतो.

मी निवृत्त शिक्षक. साकोलीच्या पलीकडे जंगलाच्या अंगाला आमचं गाव. गावात आमची ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी आहेत, त्यामुळे रविवारची उपासना वर्षानुवर्षं आमच्याच छपरीत होते. प्रार्थना मी चालवायचो, पण लोक यायचे ते बायकोच्या गाण्यासाठी. तिच्याकडे एक जुनी खंजिरी होती. तिने पहिली ओळ उचलली की पेंगणारी म्हातारी माणसंही ताठ बसायची. माझ्या उपदेशाला कुणी ताठ बसल्याचं मला आठवत नाही.

मुलगा नागपुरात कंपनीत गाडी चालवतो. सून आणि सात वर्षांची नात आमच्याजवळ राहतात. मुलाला तिकडच्या मोठ्या प्रार्थनासभांचा नाद लागला होता. नाताळाच्या आधी त्याचा फोन आला. “बाबा, एक उपदेशक साकोलीकडे येऊन राहिले. मी त्याइले घराचा पत्ता देल्ला. आईवर हात ठेवतीन. येऊ द्या.”

मी म्हटलं, येऊ दे. प्रार्थनेला नाही कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते उपदेशक आले. कडक इस्त्रीचा सदरा, सोबत मोबाईलवर चित्रण करणारा एक माणूस. आमची नेहमीची मंडळीही जमली. बायकोला खुर्चीवर बसवलं होतं. सुनेने तिला निळं लुगडं नेसवून केस विंचरून दिले होते, आणि पाहुणे येणार म्हणून ती खुशीत होती. उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्या आवाजात प्रार्थना केली. मग वाकून म्हणाले, “बोला आई, येशू.”

बायकोने जोर लावला. कपाळावरची शीर फुगली. “काहून,” ती म्हणाली.

“येशू म्हणा.”

“काहून.”

ते सरळ उभे राहिले आणि मंडळींकडे वळले. “पाहिलंत? देवाला जाब विचारतात. घरात विश्वास कमी पडतोय. मनात कुठलं पाप लपवून ठेवलंय का, त्यांनी कबूल करायला पाहिजे.” मग खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटांकडे बोट दाखवून सुनेला म्हणाले, “आणि हे आधी बंद करा, ताई. एक हात गोळीवर आणि एक हात प्रभूवर, असं चालत नाही.”

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला उजवा हात उचलत नव्हता. आयुष्यभर जिने त्या छपरीत देवाची गाणी गायली, तिला तिच्याच छपरीत, तिच्याच माणसांसमोर पापी ठरवलं. आणि ज्याला तोंड नाही त्याने कबुली द्यायची कशी, एवढाही विचार त्या माणसाच्या डोक्यात आला नाही.

मी म्हणालो, “उठा. निघा इथून.”

“काका, रागावू नका. राग सैतानाचा असतो.”

“मी रागावलोच आहो. अन् माह्या घरात राग कोनाचा, ते मी ठरवीन.”

चित्रण करणाऱ्याने मोबाईल खाली घेतला. मंडळींतला एक जण मला आवरायला उठला, त्याला मी बसवलं. उपदेशक गेले. जाताना दारात, बायबलात सांगितलंय तशी, पायांची धूळ झटकल्यासारखं केलं. आमच्या अंगणात शेणसडा होता, धूळ नव्हतीच.

संध्याकाळी मुलाचा फोन. “बाबा, तुमी देवमाणसाचा अपमान केला.”

“देवमाणूस असता तं तुह्या मायले रडवलं नसतं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

नाताळाच्या उपासनेला निम्मी माणसं आली नाहीत. मी प्रार्थना चालवली, पण दात आवळून. देवाशी माझी जुनी ओळख आहे, म्हणून त्याच्याशी खोटं बोललो नाही. म्हटलं, तुझ्या नावाने हा माणूस हिंडतो आहे, तुला दिसत नाही काय? देवळातले बाजार उधळणारा येशू मला लहानपणापासून आवडतो. तो रागावला होता, हे लोक अंगाई म्हटल्यासारखं सांगतात. तो आसूड घेऊन उभा होता.

त्या दिवसांत मला कशाचाही राग यायचा. विचारपूस करायला येऊन, चहा पिऊन, बायकोशी एक शब्द न बोलता जाणाऱ्यांचा यायचा. तिच्यासमोरच “हिला समजते काय?” विचारणाऱ्यांचा तर फारच. बांधाच्या कडेला आमचं मोहाचं झाड आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी त्याच्याखालचा पाचोळा पेटवून दिला आणि बुंधा काळा केला. त्या न दिसलेल्या माणसाला मी भर रस्त्यात उभा राहून शिव्या दिल्या. शिक्षकाच्या तोंडी त्या शोभत नाहीत. सून ‘मामाजी, हळू’ एवढंच म्हणून पुन्हा बायकोचा हात चोळू लागली. ती रोज चोळायची. सकाळी स्वयंपाकाआधी आणि दुपारी भांडी झाल्यावर. डॉक्टरीणबाईंनी दाखवलेला व्यायाम तिने एकदाही चुकवला नाही.

आमच्या शेताला लागून एक बोडी आहे, लहानसा तलावच. थंडीत तिथे बदकं उतरतात. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळीची डाळ पेरलेली असते, तिला निळी फुलं येतात. नातीला रोज तिथे जायचं असायचं आणि आजीशिवाय जायचं नसायचं. म्हणून एका बाजूला काठी, एका बाजूला सून, असं करत बायको बोडीच्या पाळीपर्यंत, काठावरच्या बांधापर्यंत, चालू लागली. नात पुढे उड्या मारत जायची आणि आजीला परीक्षेला बसवायची.

“आजी, थे काय होय?”

“काहून.”

“नाई ना. बदक होय. म्हन, ब-द-क.”

“काहून.”

“बरं, उद्या म्हनजो.”

त्या उपदेशकाला एका मिनिटाचाही धीर नव्हता.

असंच एकदा पाळीवर बसलो होतो. ऊन कोवळं होतं. नात नाताळात शिकलेलं गाणं म्हणत होती आणि दुसऱ्या कडव्यात शब्द चुकवत होती. शाळेत मी असं चुकलेलं गाणं ऐकून मान हलवायचो. बायकोने मान हलवली. मग तिने तोंड उघडलं आणि ते अख्खं कडवं सुरात, शब्द न चुकवता म्हटलं.

सुनेच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. नात म्हणाली, “आबाजी, आजी बोलली.” बायको स्वतःच दचकली होती. मी म्हणालो, “अजून म्हन.” तिने म्हटलं. मी “बोल” म्हणालो तेव्हा मात्र पुन्हा काहून. पण गाण्यात सगळे शब्द होते. जिथे होते तिथे शाबूत होते.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “असं पुष्कळांचं होतं, गुरुजी. बोलणं डोक्यात एकीकडे, गाणं दुसरीकडे. आता याचाच उपयोग करा. जे मागायचंय ते चालीत म्हणायला लावा.” मग आमच्या घरात संगीत नाटक सुरू झालं. बायको उपासनेच्या चालीवर चहा मागू लागली. वरणात मीठ कमी आहे हे तिने पवित्र प्रभुभोजनाच्या गीताच्या चालीवर सांगितलं तेव्हा सून हसून हसून खाली बसली. हळूहळू चाल गळत गेली आणि सुटे शब्द उरू लागले. पाणी. ऊन. दार लाव. जोडीला गोळ्या, चोळणं, चालणं, आणि नातीची रोजची परीक्षा.

मोह फुलायला लागला, ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आले. एका दुपारी नात मोबाईल घेऊन धावत आली. “आबाजी, या व्हिडिओत आजी हाये.”

बायकोचं खुर्चीतलं चित्र होतं, निळ्या लुगड्यातलं. त्यावर त्या उपदेशकांचा आवाज. भंडारा जिल्ह्यातल्या एका मुक्या बाईवर मी हात ठेवला, त्याच क्षणी तिची जीभ मोकळी झाली आणि ती देवाचं गाणं गाऊ लागली. औषधांनी जे झालं नाही ते प्रभूने केलं. मागे टाळ्या. गाण्याची बातमी मुलानेच आनंदाच्या भरात त्यांना कळवली होती.



त्याच आठवड्यात त्यांची सभा साकोलीच्या बाहेर मंडपात होती. मी बस धरून गेलो. सभेला वेळ होता. मंडपाच्या मागे ते खुर्चीवर बसले होते आणि भेटायला आलेली माणसं ओळीने खाली बसली होती. मी ओळ मोडून पुढे गेलो.

“मले ओळखलं?”

“काका, या. प्रभूने आईंना वाचा दिली, ऐकलं मी.”

“थो व्हिडिओ काढून टाका. खोटा आहे.”

ते हसले. “लोकांचा विश्वास वाढतोय, काका. यात तुमचं काय गेलं?”

“माह्या सुनेनं रोज तिचा हात चोळला. माह्या नातीनं तिले एकेक शब्द शिकवला. थ्या तुमच्या गोष्टीत कुठी आहेत? तुमी तं तिले पापी म्हनून गेले होते. थेही सांगा लोकाइले.”

“आपण आत बसून बोलू.”

“इथंच बोलतो. तुमचं ऐकून एखाद्यानं गोळ्या सोडल्या अन् थो मेला, तं त्याची साक्ष कोन देईन? थो तं बोलाले येनार नाई.”

ते उठले आणि माझ्या डोक्याकडे हात नेत म्हणाले, “तुमच्या रागासाठी मी प्रार्थना करतो.” मी त्यांचं मनगट वरच्या वर धरलं. जोरात धरलं. कुणीतरी मला मागे ओढलं आणि मी बाहेर आलो.

रस्त्यापर्यंत पोचलो तर मागून एक बाई आली. ओळीत बसलेली. तिच्या नवऱ्याला फिट येतात, त्याला घेऊन ती आली होती. तिने विचारलं, “काका, मंग गोळ्या चालू ठेवू काय? थे म्हनत होते का आज सभेत सोडाच्या.”

“चालू ठेव, बाई. प्रार्थनाही कर अन् गोळीही दे. एकीनं दुसरी बाटत नाई.”

ती मंडपात परत गेली की घरी, ते मी पाहिलं नाही. माझी बस आली होती.

पुनरुत्थानाच्या रविवारासाठी, ईस्टरसाठी, मुलगा आला. उतरल्या उतरल्या म्हणाला, “बाबा, मी त्याइले फोन केला होता. थे व्हिडिओ काढून टाकत नाईत म्हनते.” तो आईपाशी जाऊन बसला. खूप दिवसांनी आईला बोलताना ऐकणार म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. बायकोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक शब्द शोधत, प्रत्येकासाठी थांबत म्हणाली, “थो... पाप म्हने. मी... ऐकत होती.”

मुलगा खाली पाहत राहिला. तिने तेच पुन्हा म्हटलं, “सारं... ऐकत होती.” तेव्हा तो रडला. तिने त्याला रडू दिलं, थोपटलं नाही. मग सुनेला म्हणाली, “त्याले... जेवाले वाढ.”

पहाटेची उपासना यंदा आम्ही बोडीच्या पाळीवर केली. थोडीच माणसं होती, रुसलेल्यांपैकी एक जोडपं परत आलं होतं. प्रार्थना मीच म्हटली. जीव वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानले, सुनेच्या हातांबद्दल मानले. प्रभूच्या प्रार्थनेतल्या, अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीपाशी आलो तेव्हा थांबलो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं की ही ओळ आज माझ्याच्याने होत नाही, आणि जोवर तो माणूस लोकांच्या गोळ्या बंद करत फिरतो आहे तोवर व्हावी असं मला वाटतही नाही. मुलाने ती ओळ हळू आवाजात म्हटली आणि पुढची प्रार्थना सगळ्यांनी मिळून पुरी केली.

तो व्हिडिओ अजून फिरतो आहे. परवा तुमसरकडच्या एका नातेवाइकाने मला तो पाठवला, खाली जोडलेल्या हातांचं चिन्ह. मी त्याला फोन लावला आणि बायकोच्या हाती दिला. “तूच सांग,” म्हटलं. ती सांगायला लागली, एकेक शब्द करत. तिला बराच वेळ लागला. त्याला मी फोन ठेवू दिला नाही.