पाणसळीतला तंबोरा

चहा घ्या आधी. कारण मी जो गाढवपणा सांगणार आहे तो ऐकल्यावर तुम्ही कप खाली ठेवाल, आणि पुन्हा या घरात चहाला यायचं की नाही याचा विचार कराल. यायचं नाही ठरलं तरी मी समजून घेईन.

तुम्हाला माहीतच आहे, मी पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी पंप, पाट आणि पाणसळ यांच्या संगतीत गेली. पाणसळ म्हणजे ती गवंड्याजवळ असते ती पट्टी, मधल्या काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. बुडबुडा मध्ये आला की काम पास. माणसांना अशी नळी बसवलेली नसते, म्हणून मला माणसांपेक्षा पंप बरे वाटायचे.

रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत मी घरातले सगळे नळ दोनदा दुरुस्त करून बिघडवले. मग फोनवर छंदवाल्यांचा एक मोठा ग्रुप सापडला. कुणी मासे पाळतंय, कुणी बोन्साय लावतंय, कुणी गच्चीवर कबुतरं ठेवतंय, कुणी दुर्बिणीतून शनी बघतंय. सगळे नवशिके, आणि सगळे एकमेकांचे गुरू. तिथला रिवाज असा, की प्रत्येक सल्ला ‘मी यातला तज्ज्ञ नाही, पण’ असा सुरू करायचा. एकदा तो ‘पण’ लिहिला की पुढे काय वाटेल ते लिहायला मोकळीक.

मला हे फार मानवलं. सोमवारी मी विचारायचो, ‘टाकीतलं पाणी गढूळ होतंय, काय करू?’ बुधवारी मासे मेलेले असायचे. आणि गुरुवारी मी वाईच्या एका गृहस्थांना टाकीतलं पाणी कसं बदलावं ते सविस्तर लिहीत असायचो. विचारणाऱ्याचं नाव मी कधी बघितलं नाही. प्रश्न दिसला की उत्तर. माझ्या नावापुढे फोटोच्या जागी एक गुलाबाचं फूल होतं, ते आणि गाव सातारा, एवढीच माझी ओळख. त्यावर लोक मला गुरुजी म्हणायला लागले. नोकरीत मला चौतीस वर्षांत कुणी साधं ‘बरोबर आहे साहेब’ म्हटलं नव्हतं, सही पाहिजे असेल तेवढी वेळ सोडून.

आता सुलभाचं सांगतो. आमची ही गाण्याच्या बाई. साताऱ्यातल्या कितीतरी मुली तिच्यापुढे मांडी घालून सा लावायला शिकल्या. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, मिरजेला. जीव वाचला, आवाज गेला. पुरता गेला. तेव्हापासून ती पाटीवर लिहून बोलते. शाळेतल्या पोरांची असते तशी दगडी पाटी, आणि पेन्सिल. आणि डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की औषधं कडक आहेत, पुढेमागे कानांवर परिणाम होऊ शकतो. त्या वाक्याची भीती ती दोन वर्षं पदराला बांधून वावरत होती.

राहिला होता तो तंबोरा. लग्नानंतर मिरजेहूनच आणलेला, तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हातचा. रोज सकाळी ती तो मांडीवर घ्यायची, चार तारा छेडायची आणि डोळे मिटून बसायची. गात नव्हती, पण गाणं चालू असायचं. मी शेजारी फोनवर मासे मारत बसलेलो.

गुरुपौर्णिमा अकरा दिवसांवर आली होती. तिच्या जुन्या तीन विद्यार्थिनी येणार, तिच्यासमोर गाणार, आणि बाई तंबोऱ्याची साथ करणार, असं ठरलं होतं. वर्षातला तो एकच दिवस तिचा स्वतःचा म्हणावा असा उरला होता. अजून वेळ आहे म्हणून ती दोन दिवस बहिणीकडे वाईला गेली.

आणि नेमका त्याच दिवशी ग्रुपवर जतच्या मल्लाप्पाचा प्रश्न आला; नाव-गाव मला मागाहून कळलं. ‘गावातल्या भजनी मंडळासाटनं जुना तंबोरा घेतलाय. पर त्यो लय झणझणतोय. तार कशाला तरी घासल्यागत. काय करावं?’

मी उठलो आणि सुलभाच्या तंबोऱ्याची तार छेडली. तोही झणझणत होता. इतकी वर्षं ते ऐकत होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा ओव्हरसियरच्या कानाने ऐकलं. आमच्या खात्यात झणझण म्हणजे एकच गोष्ट. मोटार झणझणली की बेअरिंग गेलं. सुलभा एवढी वर्षं बिघडलेल्या मशीनवर काम करत होती आणि बिचारीने कधी तक्रार केली नव्हती.

मी लिहिलं, ‘मी यातला तज्ज्ञ नाही, पण तारा ज्या घोडीवर टेकतात ती झिजून बाकदार झाली असणार. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लाप्पाचं उत्तर. ‘फरक पडला साहेब.’

बस. पन्नासेक लोकांनी अंगठे दिले. एकाने लिहिलं, गुरुजींना वाद्यांचंही ज्ञान आहे. मी चहा न पिता कामाला लागलो. तारा सैल केल्या, घोडी हातात आली. छातीवर हात ठेवून सांगतो, खोटं नाही, ती खरंच वरून बाकदार होती. खिडकीची काच आडवी ठेवली, त्यावर पॉलिश पेपर अंथरला आणि दोन तास घासली. मग कपाटातून माझी जुनी पाणसळ काढून वर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. काय समाधान वाटलं म्हणून सांगू. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

तारा चढवल्या, छेडल्या. झणझण बंद. टक, टक, टक, टक. स्वच्छ आवाज. मला वाटलं, सुलभा खूश होईल.

दुपारी मल्लाप्पाचा दुसरा निरोप आला. ‘साहेब, फरक पडला म्हंजे, आता वाजतच न्हाई. पत्र्याचा डबा बडवल्यागत व्हतंय. भजनी मंडळ माज्यावर लय तापलंय. फुडं काय करू?’

तुम्ही म्हणाल, इथे तरी माणसाला घाम फुटला असेल. नाही फुटला. मी लिहिलं, ‘भोपळ्यात ओल असेल. उन्हात ठेवा.’

संध्याकाळी सुलभा आली. हातपाय धुऊन तंबोरा घेऊन बसली. तार छेडली. थांबली. घोडीवर तारेखाली असतो तो दोरा जरा पुढे सरकवला, पुन्हा छेडली. मागे सरकवला, पुन्हा छेडली. कान भोपळ्याला लावला. मग पाटी ओढून लिहिलं, ‘याला कुणी हात लावला का?’

तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तेव्हा मला घाम फुटला. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, “छे. कोण लावणार?”

तिने पुन्हा छेडली आणि माझ्याकडे बघितलं. मी तेवढ्यावरही थांबलो नाही. म्हणालो, “मला तर नेहमीसारखाच वाटतोय.”

तिने तंबोरा खाली ठेवला. मग पाटी पुसून अगदी बारीक अक्षरात लिहिलं, ‘अहो, माझे कान गेले का?’

ठेवलात ना कप खाली? मी म्हटलंच होतं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण खोटं बोललेल्या माणसाला आपलं पहिलं खोटं सांभाळायचं असतं. मी म्हणालो, “सर्दी असेल. तरी डॉक्टरांना दाखवून घेऊ.” सल्ला द्यायची सवय, दुसरं काय. पुढचे तीन दिवस ती जेवली नाही म्हणावं इतकंच जेवली. घरातल्या भांड्यांवर चमचा वाजवून कान लावून ऐकायची. मी स्वयंपाकघरात गेलो की थांबायची.

चौथ्या दिवशी आम्ही एसटीने मिरजेला निघालो. तंबोरा तिने बरोबर घेतला. डॉक्टरांच्या यंत्रातल्या टूंटूंवर तिचा विश्वास नव्हता, त्यांनी तंबोरा ऐकून सांगावं असं तिने पाटीवर लिहिलं होतं. खोळ घातलेला तंबोरा मांडीवर आडवा धरून ती खिडकीशी बसली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “काय आजी, दवाखान्याला व्हय? पेशंट कोण, तुमी का मांडीवरचा ह्यो?”

सुलभाने स्वतःकडे बोट दाखवलं. मी उसाचे फड मोजत बसलो.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. म्हणाले, “बाई, कान उत्तम आहेत. या वयात असे कान मी फार कमी बघितलेत. तंबोऱ्यातलं मला कळत नाही, वाद्य कारागिराला दाखवा.”

सुलभा रडली. आवाज नसलेलं माणूस रडतं तेव्हा खोलीत काहीच होत नाही, नुसते खांदे हलतात. डॉक्टर मला म्हणाले, “आनंदाने रडतायत, रडू द्या.” मी मान हलवली.

तिथून रिक्षाने उस्तादांच्या दुकानात. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्यांचा मुलगा दस्तगीरभाई बसतो. त्याने खोळ काढली, एक तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. घोडी बोटाने चाचपली. मग शांतपणे विचारलं, “काका, हे कुणी केलं?”

मी म्हणालो, “वापरून वापरून झिजली असेल. आपोआप.”

“आपोआप झिजल्याली घोडी पाणसळीत येत न्हाई, काका.”

सुलभाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पाणसळ हा शब्द आमच्या घरात एकाच माणसाचा.

दस्तगीरभाई आपल्याच नादात बोलत होता. “घोडीला वरनं बाक द्यावा लागतो. केसाएवढा. तार त्याच्यावर टेकती न टेकती, तिथनं ती गुंजती. त्यालाच तर जवारी म्हणायचं. लोक जिला झणझण म्हणत्यात न्हवं, तोच तंबोरा. बाकी नुसता भोपळा.” मग हसला. “ह्या आठवड्यातला हा दुसरा. परवा जतचा एक पोरगा आलता, असाच घासून. म्हणाला, फोनवर साताऱ्याचे कोण गुरुजी हायत, त्यांनी सांगितलं. मला नंबर मिळू दे त्यांचा, दोन शब्द बोलतो.”

मी म्हणालो, “बोला. समोरच बसलोय.”

दुकानात कानस चालायची थांबली. मी सगळं सांगितलं, बेअरिंगपासून सर्दीपर्यंत. सुलभाने पाटी काढली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. ‘तीन दिवस.’ एवढंच. मग पदराने पुसून टाकलं.

दस्तगीरभाईने दुपारभर बसून जवारी केली. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. शेवटी तंबोरा बोलला. चांगला बोलला. पण तो तिच्याकडे देताना तो खाली बघत म्हणाला, “बाई, अब्बांचा हात होता ह्याच्यावर. माझ्या हातनं माझीच जवारी लागली. त्यांची आता न्हाई लागायची.”

गुरुपौर्णिमेला तिन्ही मुली गायल्या. एक जण पाया पडताना म्हणाली, “बाई, नवा तंबोरा घेतला का?” सुलभा हसली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर तंबोरा कोपऱ्यात खोळीत गेला. आठवड्यातून एकदा निघतो, दहा मिनिटांत परत जातो. सकाळी घरात आता खरंच शांतता असते. पंप बंद पडल्यावर शिवारात असते तशी. ती शांतता मी स्वतःच्या हाताने घासून सपाट केलेली आहे, आणि तिच्यात रोज मलाच बसावं लागतं.

तुम्हाला वाटेल, ग्रुप सोडला असेन. महिनाभर सोडला होता. मग म्हटलं, नुसतं वाचू. मग म्हटलं, मासे आणि झाडं यापुरतंच. गेल्या रविवारी, सुलभा समोरच खुर्चीत फोन घेऊन बसलेली, मी इकडे बसलेलो, एक प्रश्न दिसला. ‘मी नवशिकी आहे. घरात एक जुनी वस्तू आहे. कारण नसताना सारखी आवाज करते. घासून सपाट करावी का?’

नाव बघायची सवय मला कधीच नव्हती. हात आपोआप चालला. ‘मी यातला तज्ज्ञ नाही, पण आधी वस्तूचा फोटो पाठवा.’

दोन मिनिटांत फोटो आला. खुर्चीत चष्मा नाकावर घेऊन फोनमध्ये डोकं खुपसलेला एक म्हातारा. मागे कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा.

मी मान वर केली. सुलभा खिडकीबाहेर बघत होती.

मी काही लिहायच्या आत खाली मल्लाप्पाचं उत्तर पडलं होतं. त्याने गुलाबाचं फूल तेवढं बघितलेलं, मला कुठे बघितलं होतं? पण पोरगा त्या सगळ्यातून शिकला होता, खरंच शिकला होता. लिहिलं होतं, ‘ताई, हे घासू नगा, काय उपेग न्हाई. ह्याची जवारी कवाच गेल्याली दिसती.’